ट्रकखालचा डाग

सोमवार, रात्री

सकाळी ट्रक शेडबाहेर काढला आणि खाली पाहिलं तर रुपयाएवढे तीन काळे डाग. काल एकच होता. गेज काढून पाहिला, ऑइल वरच्या खुणेपासून जेमतेम उतरलेलं. म्हणजे नुकसान फार नाही. पण पावसाआधीच्या चिऱ्यांच्या खेपा ऐन भरात आहेत, आणि पुढच्या महिन्यात गाडी पासिंगला न्यायची आहे. आठ वर्षांवरच्या गाडीचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं, आणि इंजिनाखाली ऑइल टपकत असलेली गाडी घेऊन तिथे उभं राहायचं माझ्या जिवावर येतं.

संध्याकाळी मेस्त्रींनी खाली वाकून पाहिलं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधलं क्लच हौसिंग, त्याच्या तळाला भोक असतं, थेंब तिथूनच येत होता. ते म्हणाले, "क्रँकचं मागचं ऑइल सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. दोन दिवस गाडी उभी." सील स्वस्त असतं, महाग असतं ते उतरवणं-चढवणं. मी म्हटलं, "मेस्त्री, दोन दिवस द्या मला, मी आधी बघतो." ते म्हणाले, "बघ." रागावले नाहीत, यासाठी त्यांचे आभार मानायला हवेत.

मंगळवार

बाबांना आता ट्रकखाली जाता येत नाही. खुर्ची टाकून बसतात आणि मी काय करतो ते ऐकतात. पान्याच्या आवाजावरून बोल्ट फिरला की घसरला हे त्यांना कळतं. हाच ट्रक त्यांनी साखळीकडच्या खाणींवरून मांडवीच्या जेटीपर्यंत लोखंडाचं खनिज वाहत चालवला. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा शेजारच्या कितीतरी गाड्या विकल्या गेल्या. त्यांनी ही ठेवली. मध्ये खाणी चालू झाल्या, २०१८ च्या मार्चात पुन्हा बंद पडल्या. तोवर आम्ही चिरे आणि नारळ यांवर आलो होतो. खनिजाची लाल धूळ गेली, चिऱ्यांची आली. गाडीच्या लेखी दोन्ही सारख्याच.

थेंब बोटावर घेऊन बाबांच्या नाकाशी धरला. त्या भोकातून तीन गोष्टी येऊ शकतात: इंजिनाचं ऑइल, गिअरबॉक्सचं ऑइल, नाहीतर वरून वाहत आलेलं डिझेल. गिअर ऑइल जाड असतं आणि त्याला उग्र, गंधकासारखा वास येतो. डिझेल बोटांत चोळलं की चिकटत नाही, पण वास लपत नाही. हे काळं होतं, सरसर पसरणारं. इंजिनाचंच. "पण पडतं तिथून निघतं असं नाही," बाबा म्हणाले. "वरून सुरू कर."

मग वरून सुरू केलं. डिझेल आणि ब्रशने इंजिनाच्या वरच्या भागाची, म्हणजे हेडची, मागची बाजू, खालच्या ऑइलच्या चेंबरच्या कडा आणि क्लच हौसिंगचा जोड धुऊन काढला. दोन तास गेले. त्या चिखलाचा थर बोटभर जाड होता. थरावरून काहीच सांगता येत नाही, कारण पंख्याचा वारा ऑइलला मागे ढकलतो आणि धूळ त्याला धरून ठेवते. एकदा पाझरलं की सगळं इंजिनच दोषी दिसतं. कोरड्या फडक्याने पुसून घेतलं आणि आईच्या डब्यातली टाल्कम पावडर सगळीकडे भुरभुरवली, म्हणजे ताजं ऑइल जिथून निघेल तिथे रेघ उमटेल.

रात्री ट्रक शेडमध्ये उभा केला. खाली पुठ्ठा अंथरला आणि पुढच्या चाकांच्या जागा खडूने आखून ठेवल्या. गाडी रोज त्याच जागी उभी राहिली तरच पुठ्ठ्यावरचा डाग कुठल्या भागाखाली आहे ते कळतं.

बुधवार

चिऱ्यांची एक खेप माशेलला टाकून परत. पंख्याच्या बाजूला पावडर पांढरीशुभ्र. चेंबरच्या कडेला पांढरी. ऑइल प्रेशरच्या स्विचपाशी पांढरी (हा स्विच बऱ्याच गाड्यांना रडवतो, म्हणून आधी तोच पाहिला). आणि हेडवरचं झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, त्याच्या मागच्या कोपऱ्यातून एक बारीक काळी रेघ, हेडच्या पाठीवरून खाली उतरून थेट क्लच हौसिंगच्या जोडात शिरलेली. टॉर्च धरून मी कितीतरी वेळ तिच्याकडेच बघत राहिलो. क्रँकच्या सीलचा दोष दिसत नव्हता. मेस्त्रींनी जे पाहिलं ते चूक नव्हतं. थेंब तिथूनच पडत होता, फक्त निघत दुसरीकडून होता.

टॅपेट कव्हर उघडलं. कॉर्कचं पॅकिंग मागच्या कोपऱ्यात खापरासारखं कडक होऊन तडकलेलं. डिचोलीतून नवीन आणलं. दोन्ही कडा साफ करून, हाताने बसवून मग पान्याने जरासंच आवळलं. कॉर्कला जास्त आवळलं की ते बाहेर फुगतं आणि चिरतं. मला ते काही वर्षांपूर्वी कळलं, तेव्हा तीन दिवसांत दोन पॅकिंगं वाया घालवली होती.

शनिवार

पुन्हा डाग. तीन खेपा झाल्या आणि त्याच कोपऱ्यातून तीच रेघ. पॅकिंग नवीन, चिरलेलं नाही, कव्हरची कड सरळ. फार वाईट वाटलं. रात्री जेवण गेलं नाही.

रविवार

बाबांनी सकाळी एवढंच विचारलं, "ब्रीदर बघितलास?"

नव्हता बघितला. सिलिंडरमधला थोडा दाब पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये उतरतोच, त्याला मेस्त्री लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. तो बाहेर पडायला या जुन्या इंजिनाला एक नळी असते, तोच ब्रीदर. ती सरळ खाली, उघड्या हवेत सुटते. नळी बुजली की दाब अडकतो आणि जी जागा सर्वांत कमकुवत, तिथून ऑइलला बाहेर ढकलतो. पॅकिंग नवीन घाला नाहीतर जुनं, त्याला रस्ता हवा असतो.

गाडी चालू केली आणि ऑइल भरायचं झाकण सैल केलं. झाकण हातात थडथडत होतं, वाफ फुसफुसून वर येत होती. नळी काढली. तिचं खालचं तोंड लाल मातीने लिंपलेलं होतं. तेलाने ओली झालेली कड आणि त्यावर वर्षानुवर्षांची चिऱ्याची धूळ, त्यात गेल्या पावसाळ्याचा ओलावा. काडी घातली तर शिरेना. डिझेलमध्ये भिजत घातली, तारेने उकरली, पंपाची हवा मारली. शेवटी ढेकळासारखा गोळा बाहेर आला. बाबांनी तो हातात घेऊन फोडला. आत थोडीशी काळसर, जड धूळ होती. ते म्हणाले, "हे खनिज." तसंच असेल असं मी ठासून म्हणणार नाही, पण त्यांनी ते कागदात बांधून ठेवलं.

नळी बसवल्यावर झाकण शांत. नळीच्या तोंडाशी हात धरला तर हलकी फुंकर लागते, धक्के नाहीत. जोरात धूर आला असता तर रिंगांचं काम निघालं असतं. ते नाही, देवाची कृपा.

बुधवार

चार खेपा झाल्या. पावडर पांढरी. पुठ्ठा कोरडा. गेज कालच्या खुणेवर. मेस्त्रींना फोन करून सांगितलं, तर त्यांनी दोनदा विचारलं, "ब्रीदर?" आणि म्हणाले, "उद्या माझ्याकडच्या दुसऱ्या गाडीचाही काढून बघतो."

खडूच्या खुणा पुसल्या नाहीत. पासिंग होईपर्यंत गाडी तिथेच उभी करणार आहे.