बंद हंगामातला पेला

काल दुपारी कोपऱ्यातली छत्री सहज उचलली, तर डाव्या हाताचा अंगठा आपोआप उजव्या तळव्याखाली जाऊन बसला आणि गुडघे किंचित वाकले. गोल्फचे मैदान बंद होऊन सहा आठवडे झाले होते, बॅग पलंगाखाली होती आणि मी खोलीच्या मध्यभागी, न दिसणाऱ्या चेंडूपुढे छत्री धरून उभा होतो. घरच्यांना हे इतके सवयीचे झाले आहे की आता कोणी मान वर करूनही पाहत नाही. फक्त जवळचा दिवा कोणीतरी मुकाट्याने बाजूला सरकवते.

चालू हंगामातल्या गोल्फपेक्षा मला बंद हंगामातले गोल्फ जास्त आवडते, हे सोबत्यांपुढे कबूल करण्याचे धैर्य मात्र मला अजून झालेले नाही. चेंडू नसला की माझा स्विंग निर्दोष असतो. आरशासमोर क्लब, म्हणजे गोल्फची काठी, सावकाश वर नेताना खांदे पुरते वळतात, डोके जागचे हलत नाही. चेंडू समोर आला की तेच शरीर मागची सगळी पापे आठवून वागू लागते. झिजलेल्या ग्रिप बदलण्याचे, क्लबांच्या खाचांतली वाळलेली माती कोरून काढण्याचे आणि नियमाने चौदाच क्लब चालत असताना बॅगेत पंधरावा कुठून आला याचा छडा लावण्याचेही हेच दिवस.

खरी सुधारणा होते ती मात्र गालिच्यावर. मैदानाचा पार, म्हणजे अठरा होलसाठी अपेक्षित फटके, 72 असेल, तर दर होलला दोन या हिशेबाने 36 फटके पटिंगचेच, म्हणजे चेंडू होलमध्ये हलकेच लोटण्याचेच, धरलेले असतात, आणि या निम्म्या खेळाला ना ऊन लागते ना गवत. दहा फुटांवरून पटरचे, म्हणजे पटिंगच्या क्लबचे, तोंड अवघ्या एका अंशाने चुकले, तर होलपाशी पोचेपर्यंत चेंडू मध्यापासून सुमारे दोन इंच सरकलेला असतो. होलचा व्यास 1891 पासून सव्वाचार इंच ठरलेला असल्यामुळे तेवढ्यात काठ येतो. ग्रीनवर, होलभोवतीच्या आखूड गवतावर, अशी चूक झाली की आपण उताराला, वाऱ्याला, शेजारी खोकणाऱ्याला दोष देतो. गालिच्यावर दोष द्यायला कोणीच नसते.

बाबा होलऐवजी धातूचा पेला आडवा ठेवत. त्याचे तोंड होलपेक्षा बरेच लहान होते, आणि पेल्याची सवय झालेल्या डोळ्यांना होल विहिरीएवढे दिसते, असे त्यांचे म्हणणे होते. पेल्यामागे मांडी घालून बसायचे, आत आलेला चेंडू काढून परत लोटायचा आणि मोजायचे, ही माझी कामे. वीस चेंडूंची एक फेरी, आणि फेरी संपली की आकडा वहीत. बारा हा त्यांचा उच्चांक होता. एकदा बारा झालेले असताना विसावा चेंडू पेल्याच्या तोंडाशी येऊन थांबला, आणि बाबांचा उच्चांक व्हावा म्हणून मी तो पायाच्या अंगठ्याने हळूच आत ढकलला. टण् असा आवाज झाला. मी मोठ्याने ‘तेरा’ म्हणालो. बाबांनी वही उघडली, तीत ‘बारा’ लिहिले आणि मला एक शब्दही न बोलता पुढची फेरी सुरू केली.

गेल्या बंद हंगामात त्यांनी पटर मागितला. खुर्चीतून उठणे आता जमत नव्हते, म्हणून बसूनच, एका हाताने, चार फुटांवरून. पहिले चार चेंडू भलतीकडेच गेले. पाचवा सरळ आला आणि पेल्याच्या तोंडाशी थांबला. मी नेहमीच्या जागी बसलो होतो. टण् असा आवाज झाला. मी ‘एक’ म्हणालो.

त्यांनी वही मागितली नाही.