हातचा एक

भाची रुसली होती. सुट्टीत आम्ही घरातल्या घरात जुन्या गेमची स्पर्धा लावली होती. तिचे गुण सगळ्यांत जास्त आणि पडद्यावरच्या यादीत तिचं नाव सगळ्यांत खाली. यादी ठेवणारा चिमुकला प्रोग्राम माझाच, त्यामुळे तक्रार थेट माझ्याकडे आली.

"मामा, मला ६६,२०० मिळाले होते. इथे ६६४ कसे?"

"नीट बघितलंस का?"

"तूच बघ."

वापरणाऱ्यानंच काहीतरी भलतं दाबलं असणार, यावर प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाची फार श्रद्धा असते. मी कुरकुरत कोड उघडला. गुण ठेवायला मी १६ बिटांचं, म्हणजे शून्य किंवा एक असे १६ अंक मावणारं घर दिलं होतं. त्यात ६५,५३५ पर्यंतचाच आकडा मावतो. त्यापुढे गेलात की पुन्हा शून्यापासून मोजणी. ६६,२०० मधून ६५,५३६ वजा करा, बरोबर ६६४ उरतात. घर लहान का दिलं? तर ती ओळ लिहिताना मी मनाशी म्हणालो होतो, "आपल्यात कोण जातंय एवढं वर!"

भाची गेली होती.

शाळेतली बेरीज आठवा. नऊ नि एक दहा, शून्य खाली, हातचा एक. तो हातचा पुढच्या घरात नेऊन मिळवायचा. पुढे घरच नसेल तर आपण खुशाल समासात घुसतो, वहीला काही त्रास होत नाही. मशीनला समास नसतो. आठ बिटांच्या घरात २५५ आहेत आणि त्यात एक मिळवला, तर ते खाली शून्य मांडतं, हातचा टाकून देतं आणि निर्विकार चेहऱ्यानं पुढच्या कामाला लागतं. हातचा टाकला अशी खूण ते कुठेतरी करून ठेवतं म्हणे, पण ती बघायचे कष्ट आपण घेतले तर ना.

या टाकून दिलेल्या हातच्याचं सगळ्यांत देखणं स्मारक म्हणजे १९८० सालचा पॅक-मॅन हा गेम. त्याला शेवट असा नव्हताच. खेळणारा दमेल तेव्हा संपेल, असा हिशेब. पण २५६व्या पातळीला पोचलेल्यांना भलतंच दिसलं. चक्रव्यूहाची डावी बाजू नेहमीसारखी, निळ्या भिंती आणि ठिपके. उजवी बाजू म्हणजे छापखान्यात खिळ्यांची पेटी उपडी झालेली: अक्षरं, आकडे, रंगीत तुकडे, सगळा काला. भानगड होती ती तळाशी फळांची रांग काढणाऱ्या कोडमध्ये. पातळीचा आकडा एका बाइटमध्ये, म्हणजे आठ बिटांच्या घरात, मोजणी शून्यापासून, म्हणजे २५६व्या पातळीला आत २५५. फळं काढणारा भाग त्यात एक मिळवतो. हातचा गेला, उरलं शून्य. शून्य फळं काढायची असतील तर गप्प बसावं की नाही? पण त्याची रीत अशी, की आधी एक काढायचं, मग एक वजा करायचा, आणि मग संपलं का ते बघायचं. शून्यातून एक गेला की परत २५५. झालं! गडी २५६ फळं काढायला बसतो, आणि फळांची चित्रं संपली तरी मेमरीत जे हाताला लागेल ते फळ समजून डकवत सुटतो. सगळे ठिपके खाल्ले की पातळी संपते, पण त्या काल्यात पुरेसे ठिपकेच नसतात, त्यामुळे ती काही केल्या पूर्ण होत नाही.

पुढच्याच वर्षी आलेल्या डाँकी काँगमध्ये गुणाकारानं बळी घेतला. वेळ किती द्यायचा याचं सूत्र: पातळीत चार मिळवा, दहानं गुणा. बाविसाव्या पातळीला २६ गुणिले १० म्हणजे २६०. घरात मावतात २५५. उरले ४. मारिओ दोन पावलं टाकून जरा इकडेतिकडे बघतो न बघतो तोच त्याची घटका भरते. एवढा मोठा गोरिला वरून पिंपं फेकतोय, आणि माणूस मरतो तो हातचा न धरल्यानं.

टेट्रिसची कहाणी थोडी वेगळी, पण भावकी तीच. त्याच्या १९८९ सालच्या निन्टेन्डो आवृत्तीत २९व्या पातळीपासून ठोकळे अशा वेगानं पडतात की माणसाच्या बोटांचं तिथे काम नाही, असंच वर्षानुवर्षं सगळे धरून चालले होते. मग पोरांनी कंट्रोलर धरायच्या नव्या तऱ्हा शोधल्या. बटण दाबण्याऐवजी कंट्रोलरच्या पाठीवर बोटं वाजवायची, तबल्यावर वाजवावीत तशी. डिसेंबर २०२३ मध्ये १३ वर्षांचा एक मुलगा १५७व्या पातळीपर्यंत गेला आणि तिथे गेमनंच मान टाकली. चौतीस वर्षांत गेमला गोठवणारा तो पहिला माणूस. बातमी जगभर झाली, आणि एका वृत्तनिवेदिकेनं त्याला पडद्यापासून लांब होऊन जरा मोकळी हवा खायचा सल्ला दिला. तंत्रज्ञानाच्या बातम्यांवरचा माझा विश्वास जो थोडाफार उरला होता, तो त्या दिवशी हवा खायला गेला.

कारण घर लहान पडायचं हेच जेव्हा गेमबाहेर होतं, तेव्हा याच बातम्यांचा सूर बघावा. 'अतिप्रगत', 'गुंतागुंतीचा', 'अभूतपूर्व'. सोबत हूडी घातलेल्या, चेहरा नसलेल्या माणसाचं चित्र आणि मागे हिरव्या आकड्यांचा पाऊस. हूडीशिवाय हॅकिंग होतच नाही, असा एक समज आहे. आत बघावं तर कुणीतरी ५१२ बाइटांच्या घरात ५३६ बाइट ओतलेले असतात.

हे आकडे मी मनाचे सांगत नाही. २ नोव्हेंबर १९८८ च्या मॉरिस वर्मची, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामची, एक युक्ती हीच होती. इंटरनेटवरच्या यंत्रांत 'फिंगर' नावाची एक गरीब सेवा असायची. अमुक माणूस कोण, हे विचारलं की सांगायची. आलेला प्रश्न ती ५१२ बाइटांच्या घरात उतरवून घ्यायची, पण प्रश्न केवढा आहे ते मोजायची नाही. वर्मनं ५३६ बाइटांचा प्रश्न विचारला.

इथे जाणकार मला अडवतील, आणि बरोबरच अडवतील, की हे दोन वेगळे रोग आहेत. पॅक-मॅनमध्ये हातचा हरवतो. फिंगरमध्ये तो हरवत नाही, तो शेजारच्या घरात जाऊन बसतो. शेजारच्या घरात 'हे काम झालं की कुठे परत जायचं' याचा पत्ता लिहिलेला असतो. वरचे २४ बाइट त्या पत्त्यावर सांडले आणि यंत्र परत जायचं सोडून वर्मनं सांगितलेल्या ठिकाणी गेलं. तेव्हाच्या अंदाजानं सहाएक हजार यंत्रं आडवी झाली. तेव्हाचं अख्खं इंटरनेटच चिमूटभर, त्यात हे सहा हजार. लिहिणारा कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी. संशय येऊ नये म्हणून त्यानं वर्म सोडला एमआयटी या दुसऱ्याच विद्यापीठातून. खटला चालला, शिक्षा झाली, आणि पुढे तोच एमआयटीत प्राध्यापक झाला. आमच्या शिक्षकांनी आम्हाला बाकावर उभं करण्यापलीकडे काही दिलं नाही.

आणि मला या सगळ्यांत सगळ्यांत लाडका आहे तो घोडा. म्हणजे घोडी, एपोना. झेल्डा या गेम-मालिकेतल्या ट्वायलाइट प्रिन्सेसमध्ये खेळणाऱ्यानं तिचं नाव ठेवायचं असतं. गेममध्ये टाइप करताना मोजकीच अक्षरं लिहिता येतात, त्यामुळे दारावर पहारा चोख. पण एकदा जतन केलेल्या फाइलमधून नाव परत वाचताना ते केवढं आहे, हे कुणीच बघत नव्हतं. घोडीचं नाव आपणच मघाशी ठेवलं, ते लांबलचक कसं असेल? २००८ साली काही खटपट्यांनी गेममधून न जाता फाइलमध्येच घोडीचं प्रचंड लांब नाव लिहिलं, ते शेजारच्या घरात सांडलं, आणि निन्टेन्डोचं वी हे गेम खेळायचं कडेकोट कुलूपबंद यंत्र हवं ते चालवू लागलं. केवढी सुरक्षा, केवढ्या किल्ल्या, आणि खिंड पडली ती घोडीच्या नावाशी.

आता खोट्या हातच्याबद्दल कबुली. सिव्हिलायझेशन या १९९१ सालच्या गेमबद्दल एक कथा मी मिटक्या मारत किती जणांना ऐकवली असेल. त्यातल्या गांधींचा आक्रमकपणा सगळ्यांत कमी म्हणजे १ ठेवला होता. लोकशाही स्वीकारली की तो २ नं कमी व्हायचा. एकातून दोन गेले की उणे एक, पण घरात उणे मावत नाही म्हणून २५५. आणि गांधी सगळ्यांवर अणुबॉम्ब टाकत सुटायचे. इतकी गोळीबंद कथा खरी असणारच! २०२० साली खुद्द गेमचे जनक सिड मायर यांनी आत्मचरित्रात लिहिलं की असली चूक त्या गेममध्ये नव्हतीच. मी ती कथा अजूनही सांगतो. शेवटी खरं काय ते हळू आवाजात जोडतो, इतकंच.

खऱ्या बातम्या मात्र कथेपेक्षा निर्लज्ज असतात. १९ जुलै २०२४ ला ८५ लाखांच्या आसपास विंडोज यंत्रं निळा पडदा दाखवून बंद पडली, विमानं जमिनीवर राहिली. हल्ला वगैरे काही नव्हता. क्राउडस्ट्राइकच्या, म्हणजे हल्ल्यांपासून राखणाऱ्याच सॉफ्टवेअरच्या अपडेटनं हे केलं होतं. एकीकडे २१ रकाने ठरले होते, भरून देणारा कोड २०च देत होता. एकविसावा वाचायला हात घातला तर तिथे रकानाच नाही. बोइंग ७८७ बाबतीत तर २०१५ साली अमेरिकेच्या नियामकांनी आदेशच काढला होता, की विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर आतला गणक भरून वाहील आणि विजेचे जनरेटर बंद पडू शकतील. तात्पुरता उपाय: अधूनमधून बंद करून पुन्हा चालू करा. आमच्या राउटरला आणि विमानाला औषध एकच, हे वाचून मला कोण आधार वाटला!

पुढचा मुहूर्तही निघालेला आहे. १९ जानेवारी २०३८, ग्रीनिचच्या वेळेनं पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंद. १९७० पासूनचे सेकंद मोजणाऱ्या ३२ बिटांच्या घरात (त्यातला एक बिट अधिक-उणे सांगण्यात खर्ची पडतो) २,१४,७४,८३,६४७ भरतील आणि ज्यांची दुरुस्ती झाली नाही ती यंत्रं पुढच्या क्षणी १३ डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन उभी राहतील. भाची तोवर नोकरीला लागलेली असेल, बहुधा हेच निस्तरायला.

तिच्याकडे मी दुसऱ्या दिवशी तहाची बोलणी करायला गेलो. तिची अट एकच होती: तिचा हातचा तिला परत हवा. सगळ्यांसमोर मी हातानं ६५,५३६ मिळवले, नाव पहिल्या क्रमांकावर नेलं, आणि गुणांना १६ ऐवजी ३२ बिटांचं घर दिलं.

"आता किती मावतील?"

"४,२९,४९,६७,२९५."

तिनं आकडा दोनदा पुटपुटून बघितला.

"एवढ्यावर आता कोण—" मी म्हणालो आणि जीभ चावली. तिनं कंट्रोलर उचलला होता.