वाळवंटात पूर कसा येतो? तुम्ही विचारलंत म्हणून

ओमानहून लातूरला परत आल्यापासून एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत. "तुम्ही तिकडं होतात म्हणजे ते शाहीन वादळ बघितलं असेल. पण वाळवंटात चक्रीवादळ म्हणजे होतं काय? वाळूच उडते ना?" विचारणाऱ्याला दोन मिनिटांत उत्तर हवं असतं आणि माझं उत्तर तेवढ्यात मावत नाही. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

वाळू उडत नाही. पाऊस सुरू झाला की वाळू भिजून जागच्या जागी बसते. येतं ते पाणी. आणि मला आधी सांगायचंय ते हे, की ते पाणी आणणारं वादळ पाच-सहा दिवसांपूर्वी आपल्याच डोक्यावरून गेलं होतं.

२६ सप्टेंबर २०२१ ला 'गुलाब' नावाचं चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्याला, कलिंगपट्टणमजवळ लागलं. जमिनीवर आल्यावर त्याचा वारा ओसरला, पण पाऊस ओसरला नाही. तेलंगणातून ते मराठवाड्यावर आलं. २७ आणि २८ तारखेला लातूर, बीड, धाराशिव भागात जे झालं ते इथं कुणाला सांगायला नको. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले आणि नदीकाठची शिवारं पाण्याखाली गेली. हेच धरण २०१६ ला कोरडं पडलं होतं, आणि त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती गाडी बघायला स्टेशनवर गेलेल्यांत मीही होते.

माझं माहेर मांजरेच्या काठावर आहे. २८ तारखेला दादाचा फोन आला. मागं पावसाचा इतका आवाज, की अर्धं बोलणं कळेना. "पाणी वाढायलंय बाई. बनीम गेली." काढून रचून ठेवलेलं सोयाबीन, अख्ख्या खरिपाचं, त्याच्या डोळ्यांदेखत वाहून गेलं. मी तिकडं ओमानात, खाबुरा गावातल्या आमच्या घरात बसून रडले. बाहेर कडक ऊन होतं.

ते वादळ तिथंच विरलं असतं तर माझ्याजवळ सांगायला वेगळं काही नसतं. पण ते गुजरातवरून पुढं सरकून अरबी समुद्रात उतरलं, आणि गरम पाण्यावर पुन्हा जोर धरून उठलं. मधल्या काळात ते नुसतं कमी दाबाचं क्षेत्र उरलं होतं, म्हणून त्याला नवं नाव मिळालं, शाहीन. एरवी अरबी समुद्रातली वादळं ओमानच्या दक्षिणेला किंवा पूर्वेला लागतात. हे मात्र पाकिस्तानच्या किनाऱ्याजवळून ओमानच्या आखातात शिरलं आणि आमच्याकडं वळलं. उत्तरेच्या त्या किनाऱ्यावर असं वादळ १८९० नंतर आलेलं नव्हतं, असं तेव्हा सगळीकडं सांगत होते. गावातल्या म्हाताऱ्यांनाही आठवण असायचं कारण नव्हतं. २००७ चं गोनू सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचा तडाखा मस्कत आणि सूरकडं बसला होता.

खाबुरा मस्कतच्या वायव्येला, समुद्रकाठी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला हजर पर्वताची रांग, आणि मधे सपाट पट्टा. ह्या पट्ट्याला बातिना म्हणतात. खजूर, लिंबू, जनावरांचा चारा अशी शेती. आमचे हे तिथं शेतांवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. पाऊस वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आसपास. लातूरला सात-आठशे पडतो आणि तरी आपलं नाव दुष्काळी भागात. तिथली शेती विहिरींवर, आणि विहिरी इतक्या उपसल्या की किनाऱ्याजवळ खालून समुद्राचं खारं पाणी आत आलं. आपण बोअर खोल खोल नेत जमिनीचं जे केलं तेच त्यांनीही केलं. हे मला तिथं राहताना सारखं टोचायचं.

डोंगरातून समुद्राकडं येणाऱ्या कोरड्या नद्यांना तिथं वादी म्हणतात. एरवी नुसता दगडगोट्यांचा रुंद पट्टा. पोरं त्यात फुटबॉल खेळतात, माणसं गाड्या लावतात, रस्ते तर कित्येक ठिकाणी थेट पात्रातूनच नेलेले. पाणी नसतं म्हणून ती नदी आहे हे नव्या माणसाच्या लक्षातच येत नाही.

३ ऑक्टोबर, रविवार. सरकारनं सुट्टी दिली होती आणि किनाऱ्यालगतच्या लोकांना हलवलं होतं. आम्ही समुद्रापासून जरा आत, पहिल्या मजल्यावर. सकाळी आमचे घरमालक आले. तळमजल्याला राहणाऱ्या बांगलादेशी कामगारांना त्यांनी सामानासकट वरच्या जिन्यात आणून बसवलं आणि स्वतः गच्चीवर गेले. मी चहा द्यायला वर गेले तर ते समुद्राकडं पाठ करून उभे होते. नजर डोंगराकडं. तिकडं आभाळ काळं पडलं होतं. त्यांनी मला हातानंच खाली जा म्हणून सांगितलं.

मी आदल्या रात्रीच घरातलं एकूण एक भांडं भरून ठेवलं होतं. बादल्या, पातेली, कुकर, वॉशिंग मशीनचा टब, मुलीची पाण्याची बाटली. केरळची शेजारीण म्हणाली, एवढा पाऊस येणार आणि तू पाणी कसलं भरतेस? पण मी लातूरची. ज्या गावात आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळ आलेला आहे, तिथल्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. वीज गेली की मोटार बंद, मोटार बंद की वरची टाकी रिकामी, रस्ता तुटला की टँकर नाही. तसंच झालं. ती भांडी पुढं आमच्या जिन्यातल्या सगळ्यांना पुरली.

वारा समुद्राकडून होता. दुपारपासून वाढत गेला आणि रात्री वादळ किनाऱ्याला लागलं तेव्हा दाराच्या कड्या आपोआप वाजत होत्या. तिथली घरं उन्हासाठी बांधलेली. खिडक्यांवर छज्जे नाहीत, सपाट गच्चीला पाणी जायला पुरेशी वाट नाही, सरकत्या खिडक्यांच्या फटी धूळ अडवतील पण आडवा पाऊस नाही. पाणी चौकटीतून पिचकारीसारखं आत यायला लागलं. माझ्या दोन जुन्या सुती साड्या होत्या, आईनं दिलेल्या. त्या फाडल्या, चिंध्या फटींत कोंबल्या, भिजल्या की पिळायच्या आणि पुन्हा कोंबायच्या. ह्यांच्या आणि माझ्या हाताची सालं निघाली. मुलगी पलंगावर बसून आम्हाला मोबाईलचा उजेड दाखवत होती.

वाऱ्याची भीती वाटली, नाही कशाला म्हणू. पण वारा थोडा उतरल्यावर दुसराच आवाज सुरू झाला. खालून, लांबून, एकसारखा. वादीतून दगड एकमेकांवर आपटत येत होते. अंगाखालची फरशी थरथरत होती. तळमजल्याचा एक पोरगा कलमा म्हणायला लागला आणि मी पांडुरंगाचं नाव घेत होते.

हे का झालं, ते मला नंतर नकाशा समोर घेऊन ह्यांनी समजावलं. समुद्राकडचा ओला वारा पुढं जाऊन हजर पर्वताला अडला, वर चढला आणि तिथंच सगळं पाणी ओतून मोकळा झाला. खाबुऱ्याला ३६९ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे तिथला तीन-चार वर्षांचा पाऊस एका दमात. डोंगर उघडे, खडकाळ. झाड नाही, गवत नाही, पाणी धरून ठेवायला माती नाही. पडलेला थेंब सरळ वादीत आणि वादी सरळ गावात. समोर समुद्र खवळलेला, त्यामुळं पाण्याला लवकर बाहेर पडायलाही वाव नाही. वरून पाऊस, मागून वादी, पुढून समुद्र, आणि मधे आमचं गाव. ओमानमध्ये त्या वादळात किमान १२ माणसं गेली.

सकाळी खाली उतरलो तर तळमजल्याच्या खोल्यांत कमरेइतका गाळ. फ्रीज आडवा पडलेला, गाद्या चिखलात रुतलेल्या. खजुराची झाडं मुळांसकट रस्त्यावर. आणि त्यावर लख्ख ऊन. तिथलं ऊन असं, की दोन दिवसांत तो गाळ टणक होतो, मग फावडं चालत नाही, कुदळ लागते. म्हणजे घाई पाण्याची संपली आणि गाळाची सुरू झाली.

त्या आठवड्यातला शुक्रवार मी विसरणार नाही. तिथं सुट्टी शुक्रवार-शनिवार. ओमानच्या कानाकोपऱ्यातून माणसं आली. गाड्यांच्या टपावर फावडी, झाडू, पाण्याच्या बाटल्यांचे खोके. ओळख ना पाळख. पांढरे दिशदाशे, म्हणजे तिथले पायघोळ झगे, गुडघ्यापर्यंत खोचून कॉलेजची पोरं आमच्या बांगलादेशी शेजाऱ्यांच्या खोल्या उपसत होती. एकानं माझ्या हातातलं घमेलं काढून घेतलं आणि मला खुर्चीवर बसवलं. मी मराठीत आभार मानले. त्याला भाषा कळली नसेल, पण हात छातीवर ठेवून तो हसला. दादाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, इकडंही परभणीच्या पाहुण्यांनी बियाणं पाठवलंय. आम्ही दोघं एकाच पावसाबद्दल बोलत होतो.

लोक पुढं विचारतात, तिथून शिकण्यासारखं काय? माझ्या मनात एकच गोष्ट घट्ट बसलीय. वाहती वादी ओलांडणं ओमानात कायद्यानं गुन्हा आहे. दंड आहे, कैद आहे. पात्रातून रस्ता जातो तिथं कडेला पट्टे मारलेले खांब असतात, पाणी किती खोल आहे ते गाडीत बसून दिसावं म्हणून. तरीही लोक गाडी घालतात आणि तरीही वाहून जातात, हे मी बघितलंय. पण निदान खांब उभा आहे. आपल्याकडं ओढ्यावरच्या नळकांडी पुलावरून पाणी जात असताना दुचाकी घालणारा माणूस दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या तालुक्यात जातो, आणि पेपरात दोन ओळी येतात. आपलेही ओढे वर्षातले आठ-नऊ महिने कोरडे असतात. आपणही त्यात उकिरडे टाकतो, गाड्या लावतो, काठ नांगरून आत सरकतो. चार दिवस पाणी नाही दिसलं की नदीवरचा माणसाचा विश्वास उडतो. मग ती येते तेव्हा तो तिला ओळखत नाही.

परत आल्यावर मी दादाच्या मागं लागले. ग्रामपंचायतीत दोनदा अर्ज गेला, काही झालं नाही. शेवटी त्यानं आणि गावातल्या पोरांनी वर्गणी काढून शाळेच्या वाटेवरच्या पुलाला लोखंडी पाइप रोवला आणि पांढरे-तांबडे पट्टे मारले. पाणी तांबड्याला लागलं की शाळेची गाडी अलीकडंच थांबवायची, असं गाडीवाल्याशी ठरलंय. शिवारात जाणाऱ्या दुसऱ्या पुलावर अजून खांब नाही. दादा म्हणतो सुगी झाल्यावर बसवू. मी म्हणते सुगीला बायका डोक्यावर गाठोडी घेऊन त्याच पुलावरून येतात, त्याच्या आधी बसव. पाइपचे पैसे मी पाठवलेत.