जिम बॉल घ्यायचाय? मग आधी हे बघा

कंबरेसाठी जिम बॉल, म्हणजे तो बसता येईल एवढा मोठा हवेचा बॉल, घेऊ का गं, असं ऑफिसमधल्या मैत्रिणींपासून सोसायटीतल्या काकूंपर्यंत सगळ्या विचारतात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं. माझ्याकडे तो फिजिओच्या सांगण्यावरून आला, दिवसभर लॅपटॉपसमोर बसून कंबर धरायची आणि मॅटवर क्रंचेस (उताणं पडून खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम) मारले की मानच जास्त दुखायची. आता व्यायामाचं एकच सामान घरात ठेव म्हटलं तर मी बॉलच ठेवेन. पण त्याच्याबद्दल जे काय काय सांगितलं जातं ते सगळं काही पटत नाही मला.

मुळात ही वस्तू जिमसाठी बनलेलीच नाही. १९६३ च्या सुमारास इटलीत अक्विलिनो कोसानी यांनी हे मोठे प्लास्टिकचे बॉल काढले, मग स्वित्झर्लंडमध्ये मेरी क्विंटन नावाच्या ब्रिटिश फिजिओथेरपिस्टने ते तान्ह्या बाळांच्या उपचारात वापरले, आणि तिकडेच बाझलला सुझान क्लाइन-फोगेलबाख यांनी मोठ्या माणसांच्या हाडा-सांध्यांच्या वगैरे दुखण्यांसाठी. अमेरिकन फिजिओंनी तो तिथे पाहिला म्हणून नाव पडलं स्विस बॉल. म्हणजे जन्मच उपचाराच्या खोलीतला, आणि तसाच हळूहळू, आपल्याच शरीराच्या वजनावर वापरला तर खरं काम करतो.

होतं काय, की बॉल एका जागी राहत नाही, आणि तो पळू नये म्हणून पोटाचे आतले स्नायू आणि कण्याला लागून असलेले बारीक स्नायू सतत जागे राहतात. माझा सगळ्यात आवडता प्रकार सांगते. पाठीवर झोपायचं, दोन्ही टाचा बॉलवर, तळहात जमिनीला टेकलेले, आणि कंबर उचलायची, खांद्यापासून टाचेपर्यंत एक सरळ रेष आली पाहिजे. इथेच बॉल डावी-उजवीकडे निसटायला बघतो आणि पोटऱ्या थरथरायला लागतात. मग टाचांनी बॉल हळूच स्वतःकडे ओढायचा आणि तितक्याच हळू परत लांब सोडायचा, ओढताना कंबर खाली यायला बघते ती येऊ द्यायची नाही, आणि श्वास अजिबात रोखायचा नाही. मांडीच्या मागच्या बाजूला असा ताण येतो की विचारू नका, जिममध्ये याला वेगळं मशीन लागतं आणि इथे हॉलमधल्या फरशीवर काम होतं!

आता डंबेल्सचं. बॉलवर उताणं पडून चेस्ट प्रेस, म्हणजे छातीपासून वजन वर ढकलायचा प्रकार, मारायचे व्हिडिओ खूप दिसतात, पण मला ते मुळीच पटत नाही. तोल सांभाळण्यात ताकद खर्च होते, मग बेंचवर उचलतो तेवढं वजन उचलताच येत नाही, म्हणजे स्नायू वाढवायचे असतील तर फायदा कमीच. आणि धोका तर आहेच. २००९ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या सॅक्रामेंटो किंग्ज टीमचा फ्रान्सिस्को गार्सिया बॉलवर पडून जड डंबेल्स मारत होता, बॉल फुटला आणि त्याचा हात मोडला. एवढा प्रोफेशनल खेळाडू! त्याच वर्षी अमेरिकेत साधारण ३० लाख बॉल परत मागवले होते, कारण जास्त हवा भरली की ते फुटायचे. म्हणून घेताना अँटी-बर्स्ट लिहिलेलाच घ्या, त्याला छिद्र पडलं तर एकदम न फुटता हळूहळू हवा जाते. मात्र हवा लिहिलेल्या मापाच्या वर भरली किंवा फरशीवर खडा, मुलांचा लेगोचा तुकडा वगैरे राहिला, तर अँटी-बर्स्टचाही भरवसा धरू नका.

ऑफिसच्या खुर्चीऐवजी बॉलवर बसायचं, हेही फॅड. त्याला पाठ टेकायला काहीच नाही, हात ठेवायला काही नाही, थोड्या वेळाने माणूस पोक काढूनच बसतो. खुर्चीपेक्षा स्नायूंना फार जास्त काम मिळतं असंही अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट लोकांना अवघडल्यासारखं मात्र होतं. त्यापेक्षा चांगली खुर्ची आणि मधेमधे उठून चालणं.

साइजकडे मात्र लक्ष द्या, बहुतेक जण इथेच गडबड करतात. साधारण पाच फूट ते साडेपाच फूट उंचीला ५५ सेंटिमीटर, त्याच्या वर सहा फुटांपर्यंत ६५. बसल्यावर पाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे काटकोनात, मांड्या जमिनीला समांतर किंवा गुडघ्यांकडे कणभर उतरत्या. नवीन बॉल पहिल्याच दिवशी गच्च भरू नका, थोडा कमी भरून एक दिवस ठेवा, प्लास्टिक सैल होतं मग पुन्हा हवा भरा. आणि गुळगुळीत टाइल्सवर नाही, खाली मॅट हवीच.

आईलाही मी करायला लावते, पण फक्त भिंतीशी. बॉल कंबर आणि भिंतीच्या मधे धरून थोडंसंच खाली बसायचं आणि वर यायचं, समोर जड खुर्ची धरायला, आणि मी शेजारी उभी. बॉलवर एकटीने बसायला तिला मी देत नाही. चक्कर येणारे, हाडं ठिसूळ झालेले किंवा स्लिप डिस्कवाले कोणी असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि गरोदर असाल तर तुमच्या डॉक्टरांनी किंवा फिजिओने दाखवलं असेल तेवढंच करा, शेजारी कोणीतरी असताना.