सबवूफर लपवायचाय? सुताराला आधी थांबवा

परदेशी कॅटलॉगमध्ये भिंतीत बसवलेला सबवूफर, म्हणजे फक्त बास (खालचे सूर) वाजवणारा स्पीकर, फार देखणा दिसतो. पांढरी जाळी, बाकी काहीच नाही. तो फोटो इंटीरियरवाल्याला पाठवण्याआधी आपली भिंत एकदा ठोकून बघा. अमेरिकेतल्या घरांत साधारण दर १६ इंचांवर एक उभा लाकडी दांडा असतो, दोन दांड्यांमध्ये साडेचौदा इंच रुंद आणि साडेतीन इंच खोल पोकळी असते आणि वर जिप्सम बोर्ड ठोकलेला असतो. ‘इन-वॉल’ सबवूफर त्या पोकळीच्या मापाचा असतो. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये ही पोकळीच नाही. आतली भिंत चार इंची विटेची किंवा एएसी ब्लॉकची असते, तिच्यात साडेतीन इंच खोदलं की पलीकडे बेडरूमचा रंग दिसायला लागतो. मिवान पद्धतीच्या (साच्यात काँक्रीट ओतून भिंती करण्याच्या) इमारतीत तर जवळजवळ सगळ्या भिंती काँक्रीटच्या आणि भार पेलणाऱ्या असतात. त्यांना हात लावायचाच नाही.

म्हणजे आपल्याकडे सबवूफर लपतो तो फर्निचरमध्ये. आणि फर्निचर एकदा झालं की सबवूफरची जागा बदलता येत नाही. त्यामुळे जागा आधी ठरवायची, सुतारकाम नंतर. प्रत्यक्षात बहुतेक घरांत उलटं होतं. टीव्ही युनिटमध्ये एक कप्पा उरतो आणि ‘इथे बसेल ना?’ असं विचारलं जातं. बसतो. वाजत मात्र नाही.

जागा

सबवूफर साधारण ८० हर्ट्झच्या खालचे सूर वाजवतो आणि ८० हर्ट्झच्या आवाजाची लहर ४.३ मीटर लांब असते. एवढ्या लांब लहरीची दिशा कानाला नीट कळत नाही, म्हणूनच सबवूफर नजरेआड ठेवता येतो. पण हीच लांबी खोलीच्या मापांशी जुळते आणि ठरावीक सुरांवर खोली घुमायला लागते. हिशेब सोपा आहे: १७२ ला खोलीच्या मीटरमधल्या मापाने भागा. १६ बाय ११ फुटांचा हॉल म्हणजे ४.९ बाय ३.३५ मीटर, उंची २.८५ धरू. घुमण्याचे सूर आले ३५, ५१ आणि ६० हर्ट्झ. हॉल डायनिंगकडे उघडा असेल तर लांबी तिथपर्यंतची धरायची आणि उत्तर अंदाजे मानायचं. काँक्रीट आणि विटेच्या भिंती बास शोषत नाहीत, परत फेकतात. त्यामुळे जिप्समच्या घरांपेक्षा आपल्याकडे हे घुमणं जास्त तीव्र असतं. याची चांगली बाजू अशी, की त्याच आवाजासाठी लहान सबवूफर पुरतो.

कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर तिन्ही सूर चेतवतो. आवाज सगळ्यात मोठा आणि सगळ्यात ओबडधोबड तिथेच मिळतो. ११ फुटी भिंतीच्या मधोमध ठेवला तर रुंदीचा ५१ हर्ट्झचा सूर जवळजवळ चेततच नाही. आता आपला ठरावीक हॉल डोळ्यांसमोर आणा: त्या ११ फुटी भिंतीला खिडकी असते आणि खिडकीखाली बसायला बैठक करून घ्यायची पद्धत आहे. बैठकीचा मधला भाग ही बहुतेक हॉलमधली सर्वांत चांगली लपायची जागा. दोन सबवूफर परवडत असतील तर दुसरा समोरच्या भिंतीच्या मधोमध ठेवावा. हार्मन कंपनीचे संशोधक टॉड वेल्टी यांनी एकापेक्षा जास्त सबवूफर कुठे ठेवावेत हे तपासलं होतं, त्यात समोरासमोरच्या भिंतींचे मध्य ही साधी मांडणी फार चांगली ठरली होती.

तरी कागदावर विश्वास ठेवून सुताराला माप देऊ नका. सबवूफर सोफ्यावर, नेमका तुमच्या बसायच्या जागी ठेवा, ३० ते १०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) वाजवा आणि माइक घेऊन मनात असलेल्या प्रत्येक जागी जमिनीपासून फूटभर उंचीवर मोजा. ज्या जागी आलेख सर्वांत सपाट, ती जागा. ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि मिनीडीएसपीचा युमिक-१ माइक यूएसबीने लॅपटॉपला लागतो. सोफा हॉलच्या लांबीच्या बरोबर मध्यावर असेल तर ३५ हर्ट्झचा सूर तिथे गायब होतो. तो ईक्यूने (एकेका सुराचा आवाज कमी-जास्त करून) परत येत नाही, सोफा फूटभर सरकवूनच येतो.

टाळायच्या दोन जागा: भिंतीला टांगलेलं टीव्ही युनिट आणि फॉल्स सीलिंग. पहिलं ढोलासारखं थरथरतं, दुसऱ्यात जीआय चॅनेल (पत्र्याच्या पट्ट्या), स्क्रू आणि डाउनलाइट मिळून स्वतःची मैफल सुरू करतात.

पेटी

फर्निचरमध्ये जाणारा सबवूफर सीलबंद पेटीचा घ्या. पोर्टवाल्या पेटीला, म्हणजे हवेसाठी नळीचं भोक असलेल्या पेटीला, पोर्टच्या तोंडासमोर मोकळी हवा लागते. कप्प्याच्या भिंती जवळ आल्या की पोर्टचं ट्यूनिंग खाली सरकतं आणि मोठ्या प्रसंगात फुसफुस ऐकू येते. त्या फुसफुशीने लपवलेल्या सबवूफरची जागा लगेच कळते. शिवाय पोर्टच्या भोकात झुरळं आणि पाली संसार थाटतात, हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. सीलबंद पेटीचा आवाज खाली दर ऑक्टेव्हला (हर्ट्झ निम्मे झाले की एक ऑक्टेव्ह) १२ डेसिबलने उतरतो, पोर्टवालीचा २४ ने. लहान पक्क्या खोलीत अगदी खालच्या सुरांना खोलीच आधार देते, त्यामुळे १२ चा उतार बराचसा भरून निघतो.

वरच्या मापाच्या हॉलला १० इंची एक ड्रायव्हर (पेटीतला आवाज करणारा शंकू) पुरे. ८ इंचीचा पडदा साधारण २१५ चौरस सेंटीमीटरचा, १० इंचीचा ३३५ च्या आसपास. फरक मोठा आहे. १२ इंची तेव्हाच, जेव्हा हॉल, डायनिंग आणि किचन एकच मोकळी जागा असते.

पेटी बनवून घ्यायची असेल तर १८ मिमी प्लायची, आतून ४०० बाय ३३० बाय २४० मिमी. हे भरतात ३१.७ लिटर. ड्रायव्हर आणि आतला आडवा आधार वजा जाता २९ च्या आसपास उरतात, बहुतेक १० इंची सीलबंद ड्रायव्हरना हे चालतं. तरी तुमच्या ड्रायव्हरच्या कागदावरचा आकडा शेवटचा. बाहेरून पेटी ४३६ रुंद, ३६६ उंच, २७६ खोल होते आणि १८ इंच उंचीच्या बैठकीत आरामात जाते. आयएस ७१० मानकाचं मरीन प्लाय वापरा. पावसाळ्यात खिडकीखाली ओल येते आणि एमडीएफ फुगतो. सांधे फेविकॉल आणि स्क्रू दोन्हीने बंद करा, आतून सिलिकॉनची रेघ ओढा. ड्रायव्हरची कड रबराची हवी. फोमची कड दमट हवेत काही वर्षांत भुसभुशीत होते.

आता सर्वांत महत्त्वाचं: पेटी बैठकीचा भाग नाही. ती बैठकीच्या आत, जमिनीवर स्वतंत्र उभी राहते. बैठकीचीच फळी पेटीची भिंत म्हणून वापरली की बसणाऱ्याच्या पाठीला संवाद ऐकू येतात. पेटीखाली चार मऊ रबरी पॅड, आणि चारी बाजूंना, वरच्या फळीखालीसुद्धा, निदान २५ मिमी मोकळं. पॅड वजनाखाली थोडे दबले पाहिजेत. टणक रबर लावणं आणि न लावणं सारखंच.

तोंड

समोरच्या शटरला ३०० बाय ३०० मिमीची खिडकी कापा. तिच्यात २० मिमी पट्ट्या आणि १५ मिमी फटी ठेवल्या तर मोकळी जागा सुमारे ३८५ चौरस सेंटीमीटर मिळते, म्हणजे पडद्यापेक्षा जास्त. हा नियम मोडू नका. सीएनसी जाळीत नक्षीच्या नादात वीस टक्केसुद्धा मोकळं उरत नाही, मग हवा शिट्टी मारते. हल्ली वेताच्या जाळीची फॅशन आहे, ती यासाठी उत्तम, फक्त ताणून चिकटवलेली हवी. ढिली जाळी फडफडते.

पेटीचा पुढचा भाग आणि शटर यांच्यामध्ये मऊ फोमची सलग चौकट लावा. ती नसेल तर आवाज आधी बैठकीच्या पोकळीत शिरतो आणि ती पोकळी स्वतःच्या सुरावर घुमते. आलेखात न बोलावलेला उंचवटा येतो आणि बास ‘एकाच सुरात बुम-बुम’ असा ऐकू येतो. ड्रायव्हरची कड आणि जाळीत २५ मिमी अंतर ठेवा, जोरात वाजताना ती पुढे येते. आणि पुढचं पॅनेल स्क्रूने किंवा मॅग्नेटने निघेल असंच करा. खिळ्यांनी पक्कं केलेलं पॅनेल पहिल्या दुरुस्तीला फुटतं.

वायर आणि अ‍ॅम्प

अ‍ॅम्प (सिग्नलला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) पाठीवर असलेला तयार सबवूफर बंद कप्प्यात तापतो. मागे १०० मिमी जागा आणि वर-खाली हवेच्या फटी देता येत नसतील तर पॅसिव्ह, म्हणजे स्वतःचा अ‍ॅम्प नसलेली, पेटी बैठकीत आणि वेगळा सबवूफर अ‍ॅम्प टीव्ही युनिटमध्ये ठेवा. कायमच्या फर्निचरसाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो, कारण बिघडतो तो बहुधा अ‍ॅम्प, ड्रायव्हर क्वचितच. स्पीकरची वायर २.५ चौरस मिमी तांब्याची: १० मीटर अंतरावर जाऊन-येऊन रोध ०.१५ ओहमच्या आत राहतो. अ‍ॅम्प पेटीतच असेल तर आरजी-६ कोअ‍ॅक्सियल केबलला आरसीए पिन लावून घ्या. स्कर्टिंगमागे २५ मिमी पाइप टाका, २३० व्होल्टच्या वायरपासून फूटभर लांब, आणि ओलांडायचीच झाली तर काटकोनात. वायरलेस किट असेल तरी अ‍ॅम्पला प्लग लागतोच, हे विसरून बैठकीत सॉकेट न ठेवणारे बरेच असतात.

रिसीव्हरच्या (सगळ्या स्पीकरना आवाज वाटणाऱ्या मुख्य अ‍ॅम्पच्या) स्पीकर टर्मिनलला पॅसिव्ह सबवूफर जोडायचा नाही आणि सब-आउटलाही थेट नाही, तिथे फक्त लाइन सिग्नल (अ‍ॅम्पला द्यायचा कमकुवत सिग्नल) असतो. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेला सबवूफर असेल तर मागे व्होल्टेजचा स्विच आहे का ते प्लग लावण्यापूर्वी बघा. फक्त ११५ व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या सॉकेटवर जळतो.

गुणगुण येत असेल तर सेट-टॉप बॉक्सची कोअ‍ॅक्सियल केबल काढून बघा. थांबली तर दोष अर्थिंगच्या वळशाचा, म्हणजे दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याचा. केबल टीव्ही असेल तर त्या तारेवर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर लावा. डिशला तो चालत नाही, कारण त्याच तारेतून छतावरच्या एलएनबीला (डिशच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला) वीज जाते. तिथे सबच्या आरसीए तारेवर चांगला ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा. रिसीव्हर आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डवर घ्या. अर्थची पिन मात्र काढायची नाही. गुणगुण थांबेल, पण शॉक लागायची सोय होईल.

सेटिंग

रिसीव्हरमध्ये स्पीकर ‘स्मॉल’, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झ, एलएफई (चित्रपटातला खास बासचा ट्रॅक) १२० हर्ट्झ. सबवरचा स्वतःचा क्रॉसओव्हर बंद किंवा शेवटच्या टोकाला, गेन (सबच्या आवाजाचं बटण) निम्म्यावर. ऑटो-कॅलिब्रेशननंतर (रिसीव्हर माइकने मोजून स्वतः सेटिंग करतो ते) रिसीव्हरने सबची पातळी उणे १२ दाखवली तर गेन जास्त आहे, कमी करून पुन्हा चालवा. सबचं अंतर खऱ्यापेक्षा मीटर-दोन मीटर जास्त आलं तर ते ‘दुरुस्त’ करू नका. अ‍ॅम्पमधल्या प्रक्रियेला लागणारा वेळ रिसीव्हरने अंतरात मोजलेला असतो. ईक्यूने उंचवटे कापा, खड्डे भरू नका. खड्डा भरायला ६ डेसिबल वाढवले तर अ‍ॅम्पवर चौपट भार येतो आणि खड्डा तसाच राहतो.

मग २० ते १२० हर्ट्झचा संथ स्वीप लावून घरभर फिरा. शोकेसच्या काचा, पेल्मेट, स्लायडिंग खिडकीचा ट्रॅक, शटरची हँडलं, देवघरातली घंटा, जे जे वाजेल त्याला फेल्ट किंवा रबराचा ठिपका. स्लायडिंगची ब्रश पट्टी झिजली असेल तर ती बदला, ४० ते ६० हर्ट्झमध्ये सर्वांत मोठा गुन्हेगार तीच असते.

पॅडमुळे स्लॅबमध्ये जाणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारा बास नाही. फोनवरच्या मीटरने ‘बघा, फक्त ५० डेसिबल’ असं खालच्या काकांना दाखवण्यात अर्थ नाही. नियमातली निवासी भागाची मर्यादा, दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५, ही डेसिबल-ए मध्ये आहे आणि ए-मापात ६३ हर्ट्झचा आवाज २६ डेसिबलने कमी धरला जातो. मीटर गप्प असतो तेव्हाही काकांचा पलंग हलत असतो. रात्री दहानंतर रिसीव्हरचा डायनॅमिक रेंज कमी करणारा मोड लावा आणि सब ६ डेसिबलने खाली आणा. बहुतेक रिसीव्हरमध्ये हे दोन्ही एका क्विक-सिलेक्ट बटणावर साठवता येतं.