६४८ किलोहर्ट्झ: लूप लागला, आता कॅरोलाइन

लूप अँटेना लागला. चौकट ६० सेंटिमीटर बाजूची, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेल्या इनॅमल तारेचे १३ वेढे आणि मोडीत निघालेल्या व्हॉल्व्ह रेडिओचा गँग, म्हणजे स्टेशन जुळवायचा फिरता कंडेन्सर. सांगलीच्या विश्रामबागेत मीडियम वेव्हचा खरा शत्रू म्हणजे एलईडी दिवे आणि इन्व्हर्टरचा खरखराट. चौकट फिरवत नेली की एका कोनात तो एकदम बसतो आणि त्याखाली दबलेली दूरची केंद्रं वर येतात. आत अँटेना म्हणून फेराइट रॉड असलेला ट्रान्झिस्टर असेल तर तो लूपजवळ नुसता ठेवा, तार जोडायची गरज नाही.

लूप आधी ६४८ वर जुळवला. माझ्या वहीत या आकड्यासमोर इंदूर आकाशवाणी आहे, २०० किलोवॅटची. पण याच ६४८ वर इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरून रेडिओ कॅरोलाइन चालते. ती सांगलीपर्यंत पोचणं शक्य नाही, म्हणून मी ती नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या वेबएसडीआरवरून, म्हणजे इंटरनेटवरून कुणालाही चालवता येणाऱ्या रेडिओवरून, ऐकतो. हिवाळ्यात आपल्याकडे मध्यरात्र उलटली की तिथे संध्याकाळ असते, आणि रॉकचे अल्बम स्वच्छ लागतात.

तिचा इतिहास आपल्याला परका वाटू नये. १९५२ मध्ये माहिती व प्रसारण मंत्री केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत हटलं, श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले, आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. इंग्लंडमध्ये बीबीसीवर रेकॉर्ड वाजवायच्या तासांवर मर्यादा होती. रोनन ओ'राहिली या आयरिश तरुणाने मार्च १९६४ मध्ये सागरी हद्दीबाहेर जहाज उभं करून त्यावरून रेडिओ कॅरोलाइनची गाणी सुरू केली. ऑगस्ट १९६७ मध्ये कायद्याने अशा केंद्रांना बंदी आली आणि सप्टेंबरअखेर बीबीसीने रेडिओ वन सुरू केलं. लोकांना हवं ते संगीत बाहेरच्या केंद्राने दिलं आणि मग सरकारी केंद्र बदललं, दोन्हीकडे.

जहाजच का, याचं उत्तर नुसतं कायद्यात नाही. खाऱ्या पाण्यावर मीडियम वेव्हची भू-लहर, म्हणजे पृष्ठभागालगत जाणारी लहर, फार कमी क्षीण होते, आणि लोखंडी जहाज समुद्रात उभं असल्यावर अर्थिंग आयतंच मिळतं. आपल्या काळ्या मातीत तांब्याच्या पट्ट्या पुरणाऱ्यांना त्याची किंमत कळेल.

सत्तरच्या दशकात कॅरोलाइन अल्बम रॉककडे वळली. १९८० च्या मार्चमध्ये तिचं 'मी अमिगो' जहाज वादळात बुडालं. १९८३ मध्ये 'रॉस रिव्हेंज' या जुन्या मासेमारी जहाजावरून केंद्र परत सुरू झालं. त्यावरचा ३०० फुटी अँटेनाचा मनोरा १९८७ च्या नोव्हेंबरात कोसळला, तरी प्रसारण थांबून राहिलं नाही. अखेर २०१७ मध्ये सफोक आणि उत्तर एसेक्सपुरता परवाना मिळाला, १ किलोवॅटचा. आपलं सांगली केंद्र मीडियम वेव्हवर २० किलोवॅटचं, त्यावरून अंदाज करा. आता तिचा ट्रान्समीटर ऑरफोर्ड नेसला, पूर्वी बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस ६४८ वर जिथून बोलायची, त्याच ठिकाणी आहे.

पुढचं काम लूपवर एका वेढ्याची कपलिंग कॉइल, म्हणजे लूपमधला सिग्नल उचलणारा वेगळा वेढा, बसवून व्हॉल्व्ह सेटला जोडण्याचं. मिरज-कुपवाडकडच्या मंडळींनी सूर्यास्ताच्या सुमारास ६४८ लावून काय मिळतं ते वेळ आणि लूपच्या दिशेसह लिहून ठेवावं. नोंदी एकत्र मांडू.