पान उलटता न येणारा अंक

साप्ताहिकाचं आयुष्य ते केवढं! नवा अंक आला की जुना टीपॉयखाली, तिथून माळ्यावर आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याच्या तराजूत. त्यामुळे संग्रहालयात काचेच्या पेटीत एखादा अंक ऐटीत पहुडलेला दिसला की मला गंमत वाटते. कागदाला उजेड सोसत नाही म्हणून दिवेसुद्धा बेताचेच, उजेडाच्या मापात साधारण ५० लक्स. आपल्याकडे तो गच्चीवर मिरच्यांखाली अंथरलेला असता.

पण अमेरिकेच्या ‘लाईफ’ या सचित्र साप्ताहिकाचा २७ जून १९६९चा अंक असा पेटीत घालणं मला पटत नाही. मुखपृष्ठावर एका तरुण सैनिकाचा चेहरा, अगदी जवळून. आत व्हिएतनाम युद्धातल्या एकाच आठवड्याचे, म्हणजे २८ मे ते ३ जूनमध्ये मृत म्हणून जाहीर झालेले २४२ अमेरिकन. रणांगण नाही, रक्त नाही. बहुतेक फोटो घरच्यांकडून मागून आणलेले. कुणी गणवेशात, कुणी शाळा संपतानाच्या कोट-टायमध्ये, केस चापून बसवलेले. खाली नाव, वय, हुद्दा, गाव. १९, २०, २१ अशी वयं. पान उलटावं तर चेहरे. पुन्हा उलटावं, पुन्हा चेहरेच. किती गेले यापेक्षा कोण गेले ते कळलं पाहिजे, असं संपादकांचं प्रस्तावनेत म्हणणं होतं आणि ते पटायला सगळी पानं हाताखालून जावी लागतात. पेटीत एकच जोडपान उघडं. बाकीची मुलं खाली दबलेली.

त्याच प्रस्तावनेत, व्हिएतनामी माणसं याहून कितीतरी जास्त मेली, हेही आहे. पण जाता जाता. त्यांच्या घरी फोटो मागायला कुणी गेलं नाही, हे मला खटकतं.

‘लाईफ’च्या जुन्या प्रतींवर कधी कधी वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी तशीच चिकटलेली सापडते. म्हणजे हे चेहरे वीजबिलाबरोबर टपालपेटीत येऊन पडले असणार. संग्रहालयाने एखादी झिजकी प्रत बाहेर टेबलावर ठेवावी, लोकांना खुशाल चाळू द्यावी. आणि शेजारी पुढच्याच शुक्रवारचा, ४ जुलैचा अंकही ठेवावा. त्याच्या मुखपृष्ठावर चंद्रावर निघालेला नील आर्मस्ट्राँग आहे. घरोघरी तोच जास्त जपला गेला असणार, असा माझा दाट संशय आहे.